महादूचा डोह

आता जे सांगणार आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. निदान मी तिला सांगितलं नव्हतं. ठाऊकच नव्हतं असं छातीवर हात ठेवून म्हणायला मी आज धजत नाही. ती गेली. तिचा भाऊ जयराम गेला. महादू तर केव्हाच गेला. ऐकणारे तुम्हीच पहिले. आणि पाहा, एवढं म्हणतानाच तोंडाला कोरड पडली. सत्तरी ओलांडली, आता मला कोण काय करणार आहे? तरी दारात कोणाची सावली पडली की वाटतं, आले विचारायला.

थेट सांगून टाकावं असं ठरवून बसलो होतो. जमत नाही. आधी माशांचं सांगतो.

कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षांतली ही गोष्ट. कुठेतरी समुद्रापलीकडे लढाई जुंपली आहे आणि म्हणून विलायतेला आपला कापूस हवा आहे, एवढंच आम्हाला कळायचं. लढाई कोणाची, कशासाठी — कोण विचारतो? अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या बाजारात गाड्या रिकाम्या करायच्या आणि येताना काहीतरी नवीन घेऊन यायचं. हातात पैसा खेळू लागला की माणसाला शौक सुचतात. कोणी पहिलवान पोसले, कोणी शर्यतीचे बैल घेतले. आम्हा पाच-सहा जणांना गळाचं वेड लागलं. पोटासाठी मासे धरायला गावात भोई होते. आम्ही हौसेखातर धरायचो, आणि धरण्यापेक्षा जास्त वेळ कोणतं पाणी चांगलं यावर भांडण्यात घालवायचो.

त्या भांडणात शेवटचा शब्द माझा असायचा. पूर्णाकाठच्या आमच्या गावापासून पार तेल्हाऱ्यापर्यंत माझं नाव झालं होतं. गनपतभाऊ सांगतील तिथं गळ टाका, रिकाम्या हातानं येणार नाही, असं लोक म्हणायचे. मीही ऐटीत सांगायचो. वान नदी उन्हाळ्याच्या तोंडावर बरी, पाणी गुडघाभर झालं की मासा मोठ्या दगडांच्या आडोशाला येतो. पेढीला जाऊ नका, तिथं गाळ आणि मनस्तापच जास्त. सेमाडोहाकडची सिपना फार देखणी, पण पाणी इतकं नितळ की तुम्हाला मासा दिसायच्या आधी त्याला तुम्ही दिसता. नांदगाव खंडेश्वराकडच्या तळ्यांत मासा भरपूर, पण मातकट चवीचा. आणि आमची पूर्णा — तिच्यात जिथं उंबर वाकलेला असेल तिथं बसा. पिकलेलं उंबर पाण्यात पडतं आणि त्या आवाजाला मासा वर येतो.

किती हुशार माणूस, नाही? तर ऐका. यातलं एक अक्षर माझं नव्हतं.

हे सगळं मला महादू भोयानं सांगितलं होतं. महादू माझ्या बापाच्या वयाचा, काळा, ठेंगणा, एका डोळ्यात फूल पडलेला. त्याच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, मुलगा नव्हता. संध्याकाळी मी त्याच्याजवळ काठावर जाऊन बसायचो आणि विचारत राहायचो, तो जाळं विणता विणता सांगत राहायचा. मग मी घरी येऊन तेच, थोडं मीठमिरची लावून, आपलं म्हणून सांगायचो. महादूचं नाव मी कधीच घेतलं नाही. पण हा काही माझा कबुलीजबाब नव्हे. एवढ्यावर भागलं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

माझ्या वावराच्या खालच्या अंगाला एक डोह होता. नदीनं कधीकाळी वळण बदललं आणि ते पाणी मागे राहून गेलं. भोवती लव्हाळा इतका दाट की दहा पावलांवरूनही कळू नये. पावसाळ्यात पूर्णा चहासारखी गढूळ व्हायची तेव्हाही तो डोह निवांत असायचा. माझ्या वावराला लागून असून मी त्याला नुसतं डबकं समजत होतो. मला तो महादूनं दाखवला. तिथं मरळ मासे जोडीनं पिलं काढायचे. तुम्ही कधी पाहिलं आहे? शेकडो लालभडक पिलं, एकेक शेवईच्या तुकड्याएवढं, पाण्याच्या वरच्या थरात एकमेकांना चिकटून फिरतात. खाली अंधारात नर आणि मादी त्यांची राखण करतात. पिलांजवळ बेडूक जरी आला तरी मादी झेपावते. म्हणूनच तेव्हा ती धरायला सगळ्यात सोपी. भुकेनं नाही, पिलांसाठी ती गळ गिळते.

म्हणूनच भोयांचा नेम होता. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत त्या डोहात गळ नाही, जाळं नाही. पुढं मोठा पूर आला की डोह नदीला मिळायचा, पिलं नदीत जायची आणि त्यावर भोयांची दहा घरं वर्षभर जगायची. डोह कोणत्याही परक्याला दाखवायचा नाही, हाही नेमच. महादूनं मला दाखवला. काहून दाखवला असेल? मी विचारलं म्हणून. दुसरं कोणी विचारणारं नव्हतं म्हणून. त्यानं माझा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवायला लावला आणि मी तशी शपथ घेतली. पाणी थंडगार होतं. ते मला अजून या हाताला लागतं.

आता पुढं सांगितलंच पाहिजे.

त्या आषाढात जयराम आमच्याकडे आला. जयराम अकोल्याला अडत करायचा. माझी बायको कौसा त्याच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि माझी सासुरवाडी आमच्यापेक्षा चार पायऱ्या वर होती. मला त्याची सदा धास्ती. त्यात या खेपेला त्याच्यासोबत अमरावतीचे दोन दलाल. आमचे जवाई पाण्याकडं नुसतं पाहून मासा सांगतात, असं त्यानं त्यांना सांगून आणलं होतं. तीन दिवस मी त्यांना चिखलातून फिरवलं. नद्या फुगलेल्या, पाणी मातीचं, एक मासा लागेना. मला सुचेना काही. महादूला विचारावं, तर पावसात गळ टाकू नये एवढंच तो म्हणाला असता. तिसऱ्या दिवशी जेवताना, कौसा वाढत असताना, जयराम पाहुण्यांकडे वळून हसला.

"आमच्या जवायाचे मासे बोलन्यातच लय मोठे असते."

एवढंच. थट्टाच होती ती. कौसानं मान खाली घातली आणि भाकरी वाढली. या एवढ्याशा वाक्यासाठी, सांगा, कोणी काय करेल? मी जे केलं ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांना घेऊन डोहावर गेलो. लव्हाळा बाजूला केला. लाल पिलं पाण्यावर फिरत होती. पाहुण्यांना वाटलं कुंकू सांडलं आहे. मी जिवंत बेडूक गळाला लावला आणि तो पिलांच्या मधोमध टाकला. मादी लगेच आली. हाताएवढी लांब, काळी, पोट पांढरं. पाठोपाठ पुन्हा टाकला, तर नरही आला. जयरामनं माझ्या पाठीवर थाप मारली. दलालांपैकी एक म्हणाला, असा माणूस वऱ्हाडात दुसरा नसेल. आणि मी — हे लपवणार नाही — मला आनंद झाला. पोट भरून आनंद झाला.

तो किती वेळ टिकला? चिलीम भरायला लागावा तेवढा. वळून पाहिलं तर पिलांचा घोळका फुटला होता. आधी लहान मासे आले, मग खंड्या. पिलं पळतही नव्हती, आईबाप होते त्याच जागेभोवती घिरट्या घालत होती. थोड्या वेळानं पाणी साफ झालं. पाहुणे दोरा गुंडाळत हसत होते. मी उगाच काठावरचा चिखल पायानं सारखा करत राहिलो.

घरी कौसानं मासा कापायला घेतला आणि विचारलं, कोणत्या पाण्यातला? मी म्हणालो, वानचा. तिनं कल्ला उघडून पाहिला. पुराच्या नदीतल्या माशाच्या कल्ल्यात गाळ असतो. यात नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कालवण केलं. सगळ्यांना वाढलं. स्वतः मात्र तिखट-भाकरी खाल्ली.

पाहुणे दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. त्यांना भोयांचा नेम ठाऊक नव्हता, त्यांना माफ आहे. तिसऱ्या दिवशी भोयांचे पंच माझ्या ओसरीवर आले. चौघं होते, आणि मागे, पायरीच्या खाली, महादू उभा होता. काठावर खवले सापडले होते. बाहेरच्या कोणाला डोह ठाऊक नाही, म्हणजे आपल्यातल्याच कोणीतरी केलं, असा त्यांचा हिशेब. यंदा मृगापासून डोहाची राखण महादूकडे होती. माझं वावर डोहाला लागून, आणि माझ्या शब्दाला गावात वजन, म्हणून मला विचारायला आले होते.

"भाऊ, त्या दिवसा तिकडं कोनाले पाह्यलं का तुमी?"

मला आठवतं, मी आधी महादूकडे पाहिलं नाही. खोटं बोलू की खरं, असंही मनात नव्हतं. नुसती भीती होती. गाव काय म्हणेल, जयरामच्या कानावर गेलं तर काय होईल, गनपतभाऊंना पाण्यातलं काही कळत नव्हतं हे उघडं पडेल — हो, तेव्हाही हेच मनात आलं. आणि मग मी एक खरं वाक्य बोललो. लक्षात घ्या, ते खरं होतं. महादू रोज उजाडताच डोहावर चक्कर मारून यायचा, राखणीसाठी.

"सकाळी महादूले जाताना पाह्यलं होतं."

पंच मागे वळले. मला वाटलं आता तो बोलेल. मी खांबाला धरून बसलो होतो. महादूनं माझ्याकडे पाहिलं, त्या एका धड डोळ्यानं, आणि मग पंचांकडे.

"भाऊ खरं सांगून राह्यले. म्या गेल्तो."

पंचांनी तीच कबुली धरली. त्याला दंड झाला नाही, मार पडला नाही. भोयांची शिक्षा वेगळी असते. मोठं जाळं ओढायला दहा माणसं लागतात. त्या दिवसापासून महादूच्या जाळ्याला कोणी हात लावायचा नाही, आणि त्यानं कोणाच्या जाळ्याला लावायचा नाही. बस. त्याचं जाळं त्याच्या दारातल्या निंबावर टांगलेलं राहिलं. मी रोज त्या रस्त्यानं वावरात जायचो. दुसराही रस्ता होता, लांबचा. काही दिवसांनी मी लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो.

हिवाळ्यात तो गाव सोडून गेला. जाळं निंबावरच राहिलं.

पुढल्या वर्षी मी कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेलो तेव्हा तो मला दिसला. तिथं मोठमोठ्या पोत्यांत कापूस भरायचे, आणि आत माणसं उभी राहून तो पायांनी तुडवायची. एका पोत्यातून डोकं वर आलं. भुवया, मिशी, सगळं कापसानं पांढरं. फूल पडलेल्या डोळ्यावरून मी त्याला ओळखलं. जन्मभर पाण्यात उभा राहिलेला माणूस कापसात उभा होता आणि खोकत होता. मी निघून जाऊ शकलो असतो. त्यानंच हाक मारली. बाहेर आला, अंग झटकलं, पोरंबाळं कशी आहेत विचारलं. मग डोहाचं विचारलं. पुन्हा मरळ आली का?

मी म्हणालो, आली.

आली नव्हती. त्याचा चेहरा मात्र उजळला. मग मिशीवरचा कापूस काढत, खाली पाहत तो म्हणाला,

"तुमाले दाखवला तवाच माही चूक झाली, भाऊ. तुमाले काय बोल लावू?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून. मी तेव्हाही त्याचा हात धरला नाही. चल गावात, मी पंचांसमोर सांगतो, एवढे पाच-सहा शब्द होते. मी म्हणालो, गाडीवान वाट पाहत असेल. गाडीवान माझाच नोकर होता, तो दिवसभर थांबला असता.

महादू कापसाच्या भावाआधी गेला. भाव तर नंतर पडलाच, शौकही सरले. माझं नाव मात्र राहिलं. अजूनही कोणी ना कोणी ओसरीवर येतो, कोणत्या पाण्यावर जाऊ म्हणून विचारतो, आणि मी महादूचे शब्द सांगतो. वाकलेला उंबर पाहा. पेढीला जाऊ नका. लोक ऐकतात, मान डोलावतात.

त्या डोहाला लोकांनी महादूचं नाव दिलं आहे. मानानं नाही. ज्यानं पिलांची आई खाल्ली त्या भोयाचा डोह, असं आया लेकरांना सांगतात. माझ्या सुनाही सांगतात. माझ्यासमोर, माझ्याच ओसरीवर. मी ऐकतो आणि सुपारी कातरत बसतो.

त्या सकाळी महादू येऊन गेल्यावर डोहावर गेलो तो मी. लव्हाळा मी बाजूला केला. गळ माझा होता आणि बेडूक मी लावला होता.