डाव्या डोळ्यावरची बट

सगळे तिला बाइंडरबाई म्हणत. पुस्तकं शिवणं, पुठ्ठे चढवणं आणि आतल्या पानांसाठी रंगीत मार्बल पेपर बनवणं यात तिची उमर गेली होती, आणि आता उतारवयात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. खऱ्या गॅलरीत, पांढऱ्या भिंतींवर, प्रत्येक चित्राला स्वतंत्र दिवा. दुसरी एखादी हरखून गेली असती. ही बाई मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून, दाराकडे डोळे लावून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती.

तिचं काम साधं, पण नखरेल. पसरट ट्रेमध्ये घट्ट केलेलं पाणी घ्यायचं आणि त्यावर रंगाचे थेंब सोडायचे. थेंब बुडत नाहीत, पसरतात. बाकीचे त्यात फणी फिरवून नक्षी काढतात. हिने सुई फिरवून चेहरे काढायला घेतले. कपाळावर निळ्या लाटा, गालावर तांबडे भोवरे, पण नाकडोळे असे की माणूस ओळखू यावा. मग वरून कागद टेकवायचा, उचलायचा, झालं. त्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. कागदावर चेहरा आरशातल्यासारखा उलटा येतो, म्हणून पाण्यावर तो आधीच उलटा काढायचा. आणि कागद टेकवताना हात मध्येच थांबवायचा नाही. जरा अडखळलात की तिथे रेघ उमटते, ती जन्मात जात नाही. तिला काम शिकवणारे काका अशा कागदाला ‘भित्रा कागद’ म्हणत आणि सरळ टोपलीत टाकत.

तिच्याकडेही असा एक भित्रा कागद होता. एका दुपारी हात आपोआप चालत गेला आणि पाण्यावर नवऱ्याचा चेहरा तयार झाला. डावा डोळा अर्धा मिटलेला, अगदी तसाच. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला कळलं होतं की तो डोळा आणखी मिटायला लागला की हात उठणार. शेवटी एका सकाळी ती तान्ह्या लेकीला घेऊन निघून आली होती. ‘कुठेही गेलीस तरी शोधून काढीन’ हे त्याचं वाक्य तिने सामानाबरोबर आणलं आणि रोज जपलं. राहती जागा दोनदा बदलली, दाराला कडीवर कडी लावली. त्या दुपारी पाण्यावर तो डोळा तिच्याकडे बघत होता. कागद टेकवताना हात थांबला, आणि चेहऱ्यावर आडवी रेघ आली.

तो कागद तिने कपाटामागे सरकवला. फाडायचा राहिला, एवढीच चूक. गॅलरीवाली बाई चित्रं निवडायला आली, तिने कपाटामागे हात घातला आणि हाच कागद उजेडात धरून म्हणाली, “हे लपवून काय ठेवलंय? यातलं सगळ्यात चांगलं हेच आहे.”

नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. बाइंडरबाईने मान डोलावली. चित्राला नाव काय द्यायचं, तर ‘अनोळखी’ म्हणाली. हात आपोआप चालला त्या नादात चेहरा उलटा काढायचा राहून गेला होता, त्यामुळे मिटका डोळा भलत्याच बाजूला आला होता. चला, ओळखणाऱ्याला ओळखू येणार नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

ती समजूत आरशापुढे केस विंचरताना एका क्षणात गळून पडली. चेहरा आरशातल्यासारखा आला म्हणजे तो रोज दाढी करताना जसा स्वतःला बघत असेल, तसाच आला. जगात दुसऱ्या कुणी ओळखो न ओळखो, तो स्वतः लगेच ओळखणार. आणि तोवर पेपरात प्रदर्शनाची बातमी छापून आली होती. सोबत फोटो एकच होता, त्याच चित्राचा.

तेवढ्यावर भागलं नाही. आज सकाळी ती गॅलरीत पाऊल ठेवते न ठेवते तोच गॅलरीवाली हसत पुढे आली. “तुमचं ‘अनोळखी’ गेलं. एका गृहस्थाचा फोन होता. ते कुणाला देऊ नका, मी न्यायला येतोय, म्हणाला.”

“कोण गृहस्थ?”

“नाव नाही सांगितलं. वर म्हणाला, बाईंना यातलं काही कळू देऊ नका. मला मेलीला कुठे राहवतंय!” आणि तिने चित्राच्या कोपऱ्यात विकल्याची खूण म्हणून लाल ठिपका चिकटवून टाकला.

बाइंडरबाई जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. पळून जावं तर जाणार कुठे? घरी लेक होती. लेकीला काही ठाऊक नव्हतं. ‘तुझे वडील तू लहान असतानाच गेले’ एवढंच तिला सांगितलेलं, आणि गेले म्हणजे वारले असं तिने आपलं तिचं समजून घेतलेलं. तिने तसं समजावं अशीच आईची इच्छा होती. घरात त्याचा फोटो नव्हता. तो आता म्हातारा झाला असेल, हातात काठी असेल, असं ती स्वतःला सांगत होती. पण काठीचं नाव काढल्यावर तिला आधाराची काठी आठवेना.

दार उघडलं की ती आधी येणाऱ्याचा डावा डोळा बघे. एक टक्कल पडलेला माणूस आत आला आणि नेमका त्या चित्रापुढे उभा राहिला, मान तिरकी करून. तो वळला, दोन्ही डोळे टक्क उघडे, आणि तिला विचारलं, “बाथरूम कुठे आहे हो?” एरवी ती हसून लोटपोट झाली असती. तिने नुसतं बोट दाखवलं, आणि ते बोट तिला खाली घेता येईना.

दिवे लागायच्या सुमारास पुन्हा दार उघडलं. लेक होती. सोबत तिच्या ऑफिसातला एक दाढीवाला.

“आई, रागावू नकोस,” लेक म्हणाली. “फोन यानेच केला होता. पेपरात चित्र बघून हाच पहिल्यांदा म्हणाला, अगं, ही तर तू.”

“ही म्हणजे कोण?” बाइंडरबाईला कळेना.

लेक चित्रापुढे जाऊन उभी राहिली. “मीच ना ही? आरशात बघते तेव्हा अशीच तर दिसते मी. हा डोळा बघ ना. माझं चित्र काढलंस आणि मलाच सांगितलं नाहीस. आता हे आपल्या घरी न्यायचं. दारासमोरच्या भिंतीवर लावायचं, तू आत आलीस की आधी हेच दिसलं पाहिजे.”

ज्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी तिने जन्म काढला, तो दारासमोर टांगला जाणार होता. आणि ‘हो, तूच ती’ एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. लेक खूश झाली असती. बाइंडरबाईने तोंड उघडलंही त्यासाठीच.

“ती तू नाहीस,” ती म्हणाली. “तो तुझा बाप आहे. तो वारला नाही, निदान मला माहीत नाही. मी तुला घेऊन त्याच्यापासून पळून आले. तो मारायचा मला.”

दाढीवाला शहाणा निघाला. दूर जाऊन दुसरंच चित्र बघू लागला. लेक मात्र हलली नाही. तिने चित्राकडे पाहिलं, मग तिचा हात हळूहळू स्वतःच्या डाव्या डोळ्यावर गेला. तिथे केसांची बट होती. लहानपणापासून आईच भांग असा पाडायची की बट तिथेच यावी.

“म्हणून माझे केस डोळ्यावर ओढायचीस?” तिने विचारलं. “तुला माझी भीती वाटायची?”

बाइंडरबाईला खोटं बोलता आलं नाही. “तुझी नाही,” ती म्हणाली. “पण वाटायची. अजून वाटते.”

लेकीचे डोळे भरून आले, आणि भरले तसा तो डावा डोळा आणखी मिटत गेला. बाइंडरबाईच्या छातीत धडधडायला लागलं. ती खुर्चीतून उठली, पर्स खाली पडली, ती तिने उचलली नाही. लेकीच्या कपाळाकडे नेलेला हात मध्ये कुठेही थांबला नाही. तिने ती बट बाजूला केली आणि कानामागे नीट खोचली.