जावई आणि काया

माझ्या एकुलत्या एक गाण्याचा जन्म माझ्याच हळदीत झाला. सासुरवाडी सटाण्याकडची, घरात सगळी अहिराणी. मला ती तेव्हा ओ की ठो कळत नव्हती. हळद दोघांची एकाच मांडवात होती. मावससासूबाई मला हळद लावता लावता गात होत्या, "मना जवाई काया शे". बायका खिदळत होत्या, मी मात्र गंभीर झालो. जावई म्हणजे काया! म्हणजे लेक आत्मा, आणि जावई नुसता देह, चार दिवसांचा. एवढं तत्त्वज्ञान, तेही हळदीच्या पाटावर! पिवळ्या हातांनीच मी ती ओळ पत्रिकेच्या मागे लिहून घेतली.

पुढे अंबडच्या कारखान्यात पाळ्या करता करता त्या ओळीवर तीन कडवी रचली. घरी मात्र ऐटीत सांगितलं, सुचलं. बायको म्हणाली, "चांगलंय, पण जरा जड आहे."

मग लोकगीतांवरून रचलेल्या गाण्यांचा एक कार्यक्रम ठरला, त्यात माझंही गाणं घेतलं. लोकांना आवडलं तर पुढे तुमच्या एकट्याचा ठेवू, असं संयोजक म्हणाले. त्या एका आशेवर मी महिनाभर नीट झोपलो नाही. अशा ठिकाणी 'सुचलं' चालत नाही, गाणं मातीतून उगवावं लागतं. म्हणून मी स्टेजवर खरं सांगून टाकलं, देह-आत्म्यावर दहा मिनिटं बोललो आणि मावशींनाच वर बोलावलं. म्हटलं, "मावशी, ती मूळ ओळ म्हणा."

मावशींनी पदर सारखा केला. "कोनती? काया शे, ती? जवाईबुवा, ते तर तुमना रंगवर व्हतं! तुमनाकडे काळा म्हनतस, आमनाकडे काया."

सभागृह हसून बेजार झालं. माझी काया, दोन्ही अर्थांनी, घामानं भिजली. मला खरोखर रडू येत होतं. मावशींच्या ते लक्षात आलं असावं. "आखो एक ओय शे ना," असं म्हणत त्यांनी माईक हातात घेतला आणि गायल्या,

"मना जवाई काया शे,
पन पोरले आवडना शे."

काळा आहे, पण पोरीला आवडलाय. टाळ्या पडल्या, त्या मावशींना. माझ्या एकट्याच्या कार्यक्रमाचा विषय नंतर कुणी काढला नाही.

घरी परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा मी बायकोला विचारलं, "ही दुसरी ओळ तेव्हाही होती?"

"होती की. मीच मावशीला घालायला लावली होती," ती बाहेर बघत म्हणाली. "तुम्ही तेव्हा पत्रिकेवर काहीतरी लिहीत होतात."