रेघ नसलेली तारीख

वकिली सोडली तेव्हा कचेरीतल्या सगळ्या डायऱ्या मी रद्दीत दिल्या. एक तेवढी ठेवली. तिच्यातल्या एका पानावर लातूरच्या एका दाव्याचा नंबर आहे, पुढं 'एकवीस' अशी तारीख आहे आणि त्या तारखेखाली रेघ नाही. ती रेघ का नाही हे दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक गेले. दुसरा मी. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा लिहून टाकतो.

नांदेडला माझी वकिली होती आणि माझ्याकडे एक मुन्शी, म्हणजे वकिलाचे कारकून, होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. घराणं नांदेडच्याच इतवारा मोहल्ल्यातलं, तीन पिढ्या कोर्टकचेरीत गेलेल्या. आजोबा निजामाच्या काळात अदालतीत कागदांच्या नकला उतरवायचे. जुने उर्दू कागद वाचायला दुसरे वकीलही मुन्शीजींकडे येत. पण त्यांची खरी पत तारखांमुळे होती. वकिलीत कायदा नंतर, तारीख आधी. तारखेला हजर नसलात तर तुमचा कायदा कोण ऐकतो?

डायरी लिहायची त्यांची एक रीत होती. कोर्टाच्या बोर्डावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या तारखेखाली ते लाल शाईनं रेघ ओढत. दुसऱ्या कुणी सांगितलेली तारीख नुसती लिहीत, आणि जाऊन पाहून आल्यावरच तिच्याखाली रेघ येई. मग सांगणारा मी असलो तरी. बार रूममधले चार-सहा वकील आपल्या डायऱ्या त्यांच्या डायरीशी ताडून बघत. तीस वर्षांत एक तारीख चुकली नव्हती. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत, लोक बोलत.

तर त्या काळात माझ्या जावयानं अमेरिकेहून मला एक वस्तू आणून दिली. फोन आणि डायरी एकाच डबीत. मोबाइलच मुळात चार जणांकडे होते, त्यात हे. झाकण उघडलं की ऐकायची जागा झाकणात, खाली बोटभर रुंद हिरवट पडदा, त्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी बटणं. नावं, पत्ते, तारखा सगळं त्यात मावायचं. बार रूममध्ये मी ते झाकण अंगठ्यानं खटकन उघडायचो. उघडायची गरज नसली तरी उघडायचो.

मुन्शीजींनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. "बॅटरी कुठून काढायची, साहेब?"

"निघत नाही. आतच बसवलेली आहे."

"आन् ती उतरली तर आतल्या तारखा?"

"जातात म्हणे. पण उतरू द्यायचीच नाही ना."

"म्हणजे लई बोललं की विसरतं," ते म्हणाले. "वकिलासारखंच हाय की." सगळी बार रूम हसली. मला ते लागलं.

त्या वस्तूबद्दल मी नंतर बराच विचार केला आहे. बनवणाऱ्यांपुढं अवघड काम होतं. दोन डब्या एकीत बसवायच्या आणि वर ती खिशात मावली पाहिजे. म्हणून त्यांनी काहीतरी घेतलं आणि काहीतरी सोडलं. डबी बारीक हवी म्हणून निघणारी बॅटरी सोडली. बोलायला आणि लक्षात ठेवायला एकच बॅटरी ठेवली. नुसत्या डायरीला ती पंधरा दिवस पुरली असती, पण फोन तिला दोन दिवसांत पिऊन टाकायचा. जिथं रेंज नाही तिथं तर आणखी लवकर, कारण तो रेंज शोधत राहायचा. ऐकायची जागा झाकणात घातली म्हणून बिजागरीतून एक कागदासारखी पातळ पट्टी न्यावी लागली, आणि मी खटकन उघडून उघडून शेवटी ती तोडली. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. फोन कानाला लावला की डायरी गालाखाली जायची. पक्षकार विचारायचा, "साहेब, पुढची तारीख कोणती?" आणि तारीख माझ्या गालाला चिकटलेली असायची. 'थांबा, बघून सांगतो' म्हणायची मला लाज वाटे. एवढं भारी यंत्र असून बघावं लागतं? मी आठवेल ते ठोकून द्यायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यातून मला सवय लागली, न पाहता खात्रीनं बोलायची.

हे सगळं बरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. बॅटरी पूर्ण उतरली तर माहिती नष्ट होईल, रोज संगणकाला जोडून दुसरी प्रत ठेवावी. जावयानंही बजावलं होतं. बनवणाऱ्यांनी काही लपवलं नाही. लपवालपवी माझी आहे.

यंत्र आल्यावर मी संध्याकाळी मुन्शीजींना तारखा सांगायचं हळूहळू बंद केलं. नांदेडच्या तारखा ते स्वतः बोर्डावरून घेतच होते. बाहेरगावच्या, लोह्याच्या, लातूरच्या, फक्त माझ्या डबीत राहू लागल्या.

"साहेब, मशीनला सांगा, पण आमच्या वहीलाबी सांगत जा," ते म्हणायचे.

"सांगतो, सांगतो," मी म्हणायचो.

लातूरचा तो दावा तिथल्याच जवळच्या मुरुड गावच्या एका सिस्टरचा होता. सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा वारलेला, घर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागं. घराकडं जायचा बोळ शेजाऱ्यानं आपला म्हणून अडवायला घेतला होता. भिंत बांधू नये म्हणून मी 'जैसे थे'चा हुकूम मिळवला होता. तिला माझं नाव एका नातेवाइकानं सांगितलं होतं, म्हणून ती लातूरचे वकील सोडून माझ्याकडे आली होती. त्या दिवशी लातूरच्या कोर्टात पुढची तारीख पडली ती मी डबीत टाकली, तिथल्या दोन वकिलांना ती करामत दाखवली आणि परतीच्या जीपमध्ये बसलो. अहमदपूरपर्यंत फोनवर बोलत आलो. पुढं रेंज गेली आणि यंत्र बिचारं रेंज शोधत बसलं. चार्जर मी लातूरला उतरलो होतो त्या घरी राहिला होता. तो चार दिवसांनी आला. जोडला, झाकण उघडलं, तर आत एकही नाव नव्हतं, एकही तारीख नव्हती. यंत्र मला आजची तारीख विचारत होतं.

मुन्शीजी रागावले नाहीत. दोन दिवस या कोर्टातून त्या कोर्टात फिरून त्यांनी सगळं जमवलं. लोह्याला एसटीनं जाऊन आले. उरली एकच, लातूरची.

"सकाळच्या गाडीनं जाऊन बोर्ड बघून येतो, साहेब."

मी नको म्हणालो. खरं कारण सांगतो. मुन्शीजी लातूरच्या कोर्टात जाऊन तारीख विचारणार म्हणजे ज्यांना मी चार-सहा दिवसांपूर्वी ते झाकण उघडून दाखवलं होतं त्यांना कळणार की डबी रिकामी झाली. तेवढ्यासाठी.

"कशाला जाताय? माझ्या डोक्यात आहे. एकवीस."

"पक्की?"

"मुन्शीजी, एकवीस म्हटलं ना."

त्यांनी लिहिलं, 'एकवीस'. रेघ ओढली नाही.

खरी तारीख सोळा होती. सोळाला पुकारा झाला तेव्हा सिस्टर मुरुडला लसीकरणाच्या कामावर होती, कारण मी तिला एकवीस सांगितलं होतं. आम्ही दोघंही गैरहजर. दावा खारीज झाला, हुकूम उठला आणि एकवीस उजाडायच्या आत बोळात छातीएवढी भिंत उभी राहिली.

अशा वेळी दावा पुन्हा घेण्यासाठी अर्ज करतात आणि सोबत शपथपत्र जोडतात. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं. आमच्या धंद्यात ते इतकं रुळलेलं आहे की कुणाचा हातही अडखळत नाही: 'वकिलांच्या कारकुनाने डायरीत चुकीची तारीख नोंदवल्यामुळे.' कारकुनाचं काही बिघडत नाही, पक्षकाराचं काम होतं, असं आम्ही एकमेकांना सांगतो. मी ते वाक्य सांगितलं आणि मुन्शीजींनीच ते टाइप केलं. त्या वाक्याशी ते थांबले.

"साहेब, 'कारकुनाने' लिहू का 'मुन्शीने'?"

"कारकुनाने," मी म्हणालो. "तसंच लिहितात."

शब्दांकडे पाहिलं तर ते वाक्य खरंच होतं. डायरीत चुकीची तारीख होती आणि ती त्यांच्याच अक्षरात होती. हा आधार मी किती वर्षं धरून बसलो, ते आता सांगताना मान वर होत नाही.

समोरच्या वकिलानं डायरी मागवली. लातूरच्या कोर्टात मुन्शीजी पिंजऱ्यात उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली. न्यायाधीश पानं चाळत होते. त्यांच्या लक्षात आलं.

"सगळ्या तारखांखाली लाल रेघ आहे. या एकीखाली का नाही?"

मी टेबलाशी उभा होतो. मुन्शीजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. त्यांनी समोरच पाहिलं.

"राहून गेली, साहेब. वय झालं."

अर्ज मंजूर झाला. परतीच्या गाडीत ते खिडकीकडे बसले होते. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, "मुन्शीजी, बाईंचं काम झालं हे महत्त्वाचं."

"हाव, साहेब," ते म्हणाले. "त्यासाठीच केलं." तुमच्यासाठी नाही, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

नांदेडला बातमी पोहोचलीच होती. बार रूममध्ये एका तरुण वकिलानं हटकलं, "मुन्शीजी, आज कोणती तारीख? सोळा का एकवीस?" मुन्शीजी हसले. मीही हसलो. हे मी कबूल करायला हवं, की मीही हसलो. त्यानंतर डायऱ्या ताडायला कुणी आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "नजर कमी झाली, साहेब." मी एकदा थांबा म्हणालो. एकदाच. पुढं सात-आठ वर्षांनी ते गेले. मय्यतीला मी लांबच्या भिंतीशी उभा राहिलो आणि माती द्यायला पुढं झालो नाही.

यंदा मी मुरुडला गेलो. सिस्टर आता निवृत्त झालेली, गुडघ्यानं अधू. तो दावा आम्ही जिंकलो, पण भिंत पडायला कितीतरी वर्षं गेली. तेवढी वर्षं ती मागच्या परसातून ये-जा करायची. तिला मी सगळं सांगितलं.

"वकीलसाहेब, ते मुन्शी माझ्याकडं आले होते," ती म्हणाली. "भिंत झाल्यावर. माफी मागायला. उन्हाचे. मी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, पाणीबी विचारलं नाही. 'म्हाताऱ्याला दिसत नसंल तर घरी बसावं,' असं मी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आन् गेले."

मला हे माहीत नव्हतं.

"तुमचं तुम्ही आज सांगून मोकळे झालात. माझं मी कुणाला सांगू?" ती म्हणाली. "आम्ही आयुष्यभर लोकांच्या हातून पाणी न मिळाल्याचं ऐकलं. आन् माझ्या दारातून असा माणूस तहानलेला गेला. नुसतं मला सांगून भागत न्हाई. त्यांच्या घरी जा."

गेलो. मुन्शीजींची मुलगी त्याच घरात राहते, उर्दू शाळेत शिकवते. समोर वह्यांचा गठ्ठा होता, लाल पेन घेऊन ती त्या तपासत होती. मी डायरी काढून ते पान उघडलं आणि बोललो. मधे ती एकदाच बोलली.

"अब्बांनी घरी डोळ्यांचंच सांगितलं. आम्ही दोनदा डॉक्टरकडे नेलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, नजर तर चांगली आहे. अब्बा म्हणाले, डॉक्टरला काय कळतंय."

मी तिचा लाल पेन मागितला. 'एकवीस'च्या शेजारी लिहिलं: ही तारीख मी सांगितली. ते लातूरला जाऊन पाहतो म्हणाले होते, मी जाऊ दिलं नाही. खाली सही केली. तिनं डायरी आपल्याकडं वळवून वाचलं, पुन्हा वाचलं.

"नुसती सही? तारीख टाका की, वकीलसाब. अब्बा बिनतारखेचा कागद घेत नव्हते."

मला आजची तारीख आठवेना. अंदाज होता. तो तोंडापर्यंत आलाही होता. मी म्हटलं, "बघून सांग." तिनं सांगितली नाही. आपला फोन उचलला आणि पडदा माझ्याकडं केला. मी चष्मा नीट करून वाचलं आणि सहीखाली तारीख टाकली. स्वतः पाहिलेली होती, म्हणून तिच्याखाली रेघ ओढली.

एकवीसच्या खाली काही ओढलं नाही. डायरी तिथंच ठेवून आलो.