सुमीचा हललेला फोटो

दातांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर नवं चित्र लागलंय. कुण्या विदेशी चित्रकाराचं असावं. सात-आठ वर्षांची मुलगी, फ्रॉकच्या कडा मागच्या झाडांत विरघळलेल्या, गालांचा रंग केसांत उतरलेला. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे. जरा मागे सरकले, आणि माझी धाकटी बहीण सुमी समोर उभी राहिली.

तान्ह्या पोळ्याची दुपार होती. लाकडी बैलाला झूल घालून आम्ही दोघी घरोघरी फिरून आलो होतो, आणि बाबांनी आम्हाला गांधीबागेतल्या फोटो स्टुडिओत नेलं. आत पावडरचा आणि तापलेल्या दिव्यांचा वास कोंडला होता. सुमीला बसवून तिच्या पुढ्यात बैल ठेवला.

"हलू नको वं बाई," फोटोवाले काका म्हणाले.

"पण त्याचं तोंड तिकडं हाये ना! त्याले बी दिसू द्या," म्हणत सुमी वाकली, तिनं बैल फिरवला आणि ती सरळ होता होताच खटका पडला.

फोटो हाती आला तेव्हा बाबा हळहळले. "वाया गेला. पुढच्या पोळ्याले दुसरा काढू."

पुढच्या पोळ्याआधीच सुमी तापात गेली.

इतकी वर्षं तो बिघडलेला फोटो कपाटातच होता. आज घरी आल्याबरोबर मी तो भिंतीवर लावला. सुमी त्यात नुसती उजेडाची एक लाट आहे. बैल मात्र अगदी स्पष्ट आलाय. थेट माझ्याकडे बघतोय, तिनं फिरवला तसा.