भगिनीशहराची पाटी

मंगळवारच्या बाजारात मेथी घेताना सहज वर पाहिलं, तर भाजीवालीच्या डोक्यावर सावलीसाठी आमच्या वेशीवरची पत्र्याची पाटी बांधलेली. समुद्रापलीकडच्या एका जुन्या तटबंदीच्या शहराचं नाव, आणि त्याखाली 'आमचे भगिनीशहर'. वेशीची डागडुजी निघाली तेव्हा ती उतरवली होती. परत कुणी लावली नाही.

तिथल्या नगराध्यक्षा दोन्ही गावांना बहिणी मानण्याच्या करारासाठी आल्या, तेव्हा त्यांची ओटी मीच भरली होती. बहिणीची पाठवणी आम्ही अशी करतो, असं त्यांना सांगितलं. ओटीतले चार दाणे माहेरी परत ठेवून जायचं असतं, हेही सांगितलं. त्यांनी ते चार दाणे इतके जपून माझ्या ओंजळीत ठेवले, की बाकीचे टाळ्या वाजवायला विसरले.

तेव्हापासून दरवर्षी त्यांचं पत्र येतं. सोबत त्यांच्या वेशीचा फोटो. त्यावर आमच्या गावाचं नाव, घासूनपुसून लख्ख. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून उत्तराचं काम माझ्याकडे. दिवाळी झाली की लिहू, असं म्हणता म्हणता चार पत्रं साठली. नातं जोडताना आम्हाला मांडव लागतो, हार लागतात. ते निभावायचं मात्र एखाद्या साध्या दुपारी, एकटीनं, टेबलाशी बसून. ती दुपार मी चार वर्षं झोपून काढली.

"बाई, हे कुणाचं गाव हो?" भाजीवालीनं वर बोट दाखवून विचारलं.

बहिणीचं, एवढंच तर म्हणायचं होतं.

"असेल कुठंतरी लांब," मी म्हणाले, आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली.