बाबूजींचा उशीर

थूल बाबूजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. आमच्या शाळेच्या शिपायाचा, गजाननचा फोन. "सर, बाबूजी गेले. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते म्हंते, तसेच गेले." मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, पंपावरचा मुलगा किती टाकू म्हणून विचारत होता आणि मी टाकीचं झाकण हातात धरून तसाच... त्या वेळी पहिला विचार मनात आला तो लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माणूस गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी एवढंच वाटलं, की आता मला त्यांची माफी कधीच मागता येणार नाही. मी एकदा त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली होती. ती चूक होती हे मला चार-पाच महिन्यांतच कळलं, आणि कळल्यावर पुढची कितीतरी वर्षं मी ते त्यांना बोललो नाही. त्या दिवशी अंत्ययात्रेतही मी सगळ्यांत मागे चाललो. लोकांना वाटलं, सरांना फार लागलेलं दिसतं.

केळझरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेल्यावर आमची माध्यमिक शाळा आहे. मी तिथे मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा वसंतराव थूल यांना लिपिक म्हणून वीस-बावीस वर्षं झाली होती. शिक्षक, पालक, मुलं, सगळे त्यांना बाबूजीच म्हणत. बारीक अंगकाठी, मनगटापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट आणि उजव्या अंगठ्यावर शिक्क्याच्या पॅडचा जांभळा डाग. मी शहरातल्या शाळेतून आलेलो. रोज पिपरी मेघेहून मोटरसायकलने यायचो आणि येताना वाटभर या शाळेला शिस्त कशी लावायची याचाच विचार करायचो. बाबूजींची बाकी कामं चोख होती. पगारपत्रक, शिष्यवृत्तीचे अर्ज, हजेरीचे तक्ते, कशावरच बोट ठेवायला जागा नसे. फक्त शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आमच्याकडे सगळे टीसी म्हणतात, तो त्यांच्या हातून एका दिवसात कधी निघाला नाही.

त्यांची एक पद्धत होती. पालक मुलाला घेऊन टीसी मागायला आला की बाबूजी अर्ज उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "आधारची झेरॉक्स नाई याले. स्टँडवर दुकान हाय, घेऊन या." दुकान शाळेपासून चांगलं पंधरा-वीस मिनिटांवर. पालक मुलाला घेऊन निघाला की हे मागून आवाज द्यायचे, "अन् पोराले काऊन उन्हात हिंडवता? राहू द्या इथंच." मग ते मुलापुढे कोरा कागद ठेवत आणि अर्ज त्याच्याच हातानं पुन्हा लिहायला लावत. मी अमुक अमुक, शाळा सोडून जात आहे, कारण... त्या कारणाशी पेन थांबलं की बाबूजी काही विचारत नसत. खणातून फुटाण्यांची पुडी काढून पुढे सरकवायची आणि आपण रजिस्टरात डोकं घालायचं. थोड्या वेळानं मूल आपणच बोलू लागे. आमच्या शाळेत समुपदेशक हे पद कागदावरही नव्हतं. ते काम ऑफिसातल्या त्या डगडगत्या खुर्चीवर चालायचं, आणि मुख्याध्यापकाला, म्हणजे मला, त्याचा पत्ता नव्हता. मला दिसायचा तो फक्त उशीर. संस्थेकडे तक्रारी जात, सचिव मला फोन करत, आणि मी बाबूजींना बोलावून विचारलं तर ते म्हणत, "सर, एकदा टीसी देल्ली का पोरगं आपल्या हातातून गेलं. दोन दिवसानं काय बिघडते?" मी त्याला कामचुकार माणसाचं तत्त्वज्ञान समजायचो.

शीतलचे वडील आले तो जुलैचा दिवस होता. शीतल नववीत होती. आधीच्या हिवाळ्यात तिची आई वारली होती. तेव्हा मी स्वतः तिच्या वर्गावर जाऊन दोन वाक्यं बोलून आलो होतो, आणि मुख्याध्यापक म्हणून माझं काम तिथे संपलं असं मला वाटलं होतं. पुढे ती वर्गात बोलेनाशी झाली, मधल्या सुट्टीत काही ना काही निमित्त काढून बाबूजींपाशी येऊन बसायची, हे सगळं मला नंतर समजलं. वडील भाजीपाला पिकवणारे. वांग्यांच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, टोपल्या मोटरसायकलवर लादून तशीच गाडी फाटकाशी उभी करून आले होते, बाजाराला जायची घाई होती. मुलीला कारंजाला मामाकडे पाठवतो, तिकडच्या शाळेत घालतो, असं त्यांचं म्हणणं. बाबूजींनी झेरॉक्स सांगितली आणि ते भडकून थेट माझ्या खोलीत आले. "हे दुसरी चक्कर हाय माही, सर. झेरॉक्स आना म्हंते. तुमच्या हापिसात मशीन नाई काय?"

मशीन होतं. बाबूजींच्या टेबलामागे, जुन्या पडद्याच्या कापडाखाली झाकलेलं. बिघडलंय असं ते सगळ्यांना सांगत. मी सर्वांसमोर ऑफिसात गेलो, कापड काढलं, बटण दाबलं. मशीन घरघरलं, हिरवा उजेड सरकत गेला आणि कोमट कागद बाहेर आला. शीतलचे वडील हसले. "वा. साहेब असावा त असा. नाईतर आमचे बाबूजी... यायचं मशीन टीसीच्याच दिवशी बरोब्बर बिघडते." ऑफिसात बसलेले दोन शिक्षकही हसले. मीही हसलो. बाबूजी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, आजचा दिवस थांबा. उद्या सकाळी मीच नेऊन देतो यायच्या घरी."

"का पण?" मी विचारलं.

त्यांनी एकदा शीतलकडे पाहिलं, एकदा तिच्या वडिलांकडे, आणि ते गप्प राहिले. बापाच्या तोंडावर ते काय सांगणार होते? पण त्यांच्याकडे उत्तर नाही, असाच अर्थ मी काढला. "दाखला अडवता येत नाही, बाबूजी. नियम आहे," मी म्हटलं. नियम होताच, आजही आहे, आणि त्यामागे मी पुढे खूप दिवस लपून राहिलो. अर्ध्या तासात टीसी तयार झाली. त्या अर्ध्या तासात शीतल भिंतीला पाठ लावून उभी होती आणि नखानं दुसऱ्या हाताच्या बोटाची साल काढत होती. हे मला दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. जाताना ती माझ्या पाया पडली आणि मी तिला म्हणालो, "खूप शीक."

दुसऱ्या दिवशी मी बाबूजींना नोटीस काढली. यंत्र सुस्थितीत असताना पालकांना गावात पाठवून नाहक त्रास दिला, असं माझ्या हातचं वाक्य तिच्यात होतं. त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं, यापुढे काळजी घेईन. आणि खरंच घेतली. मशीन उघडं राहू लागलं.

दिवाळीनंतर ते एकदा माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. मूल दुसऱ्या शाळेत दाखल झालं की त्या शाळेची विनंती संगणकावर येते आणि नाव आपल्याकडून तिकडे जातं. "सर, शीतलचं नाव अजून आपल्याकडंच लटकून हाय. कोन्याच शाळेनं मांगलं नाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "येईल हो बाबूजी, इतकी काय घाई आहे?" ते गेले आणि संध्याकाळी खाजगी कामासाठी एका दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवून गेले. परत आले त्या दिवशी प्रार्थनेआधीच माझ्याकडे आले. "शीतल भेटली, सर. मामाच्या ढाब्यावर हाय. कनिक भिजवते. मोठी परात, कोपरापर्यंत हात आत."

"आणि शाळा?"

"कोन्ती शाळा, सर."

त्यांनी वापस चल म्हटलं तर ती म्हणाली, आता काय होते बाबूजी. एवढं सांगून ते वर्गखोल्यांच्या किल्ल्या घेऊन निघून गेले. मी काय केलं? वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. पत्राला जावक क्रमांक पडला. उठून त्यांच्याबरोबर कारंजाला जाणं, बापाला शाळेत बोलावणं, यातलं मी काही केलं नाही, कारण तसं केलं असतं तर मला सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती. फक्त एक दिवस सगळे गेल्यावर मी ते जुनं कापड शोधलं आणि मशीनवर पुन्हा घातलं. बाबूजींनी ते पाहिलं. त्यांची झेरॉक्सची सबब परत सुरू झाली आणि मी पुन्हा कधी त्यात पडलो नाही. त्यालाच मी माफी मागणं समजत आलो.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांना कर्तव्यदक्ष म्हणालो, नोटीस मात्र त्यांच्या फाइलमध्ये तशीच राहिली. मागे घ्यायची तर कारण लिहावं लागलं असतं. त्यानंतर एकदा सेलूच्या बाजारात ते भेटले. "सर, तब्येतीनं खराब झाले तुम्ही. डबा खाता का नाई टाइमावर?" माझ्या चेहऱ्याकडे ते मुलांकडे बघत तसंच बघत होते, आणि मग गप्प राहून वाट पाहत होते. ती गप्प राहण्याची रीत मला माहीत होती. मी बोललो असतो तर... मी वांगी निवडत बसलो.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला माजी विद्यार्थ्यांनी मंडप भरला होता. वंदना झाल्यावर एक उंच मुलगा बोलायला उभा राहिला. लहानपणी तो बोलताना अडखळायचा, वर्ग त्याची नक्कल करायचा, म्हणून आठवीतच तो शाळा सोडायला निघाला होता. "माही टीसी बाबूजीनं दोन वर्षं देल्लीच नाई," तो सांगत होता. "शिक्का सापडत नाई म्हने. दहावी पास झालो त्या दिवशी सापडला." मंडप हसला आणि पहिल्या रांगेत बाबूजींच्या पत्नीनं पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शीतल शाळेत आली. आता ती बाई झाली आहे. लग्न झालंय, कारंजालाच असते. टीसी मामाकडे हरवली, दुय्यम प्रत पाहिजे होती, बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला. मी म्हटलं, बरं ठरवलंस. ती म्हणाली, "मी नाई, बाबूजीनं ठरवलं. दर दिवाळीले येत ते ढाब्यावर. चहा पेत अन् म्हनत, जवा वाटन तवा भर, उशीर झाला असं नसते कई." दर दिवाळीला... मला हे ठाऊक नव्हतं.

दुय्यम प्रतीसाठी जुनं जनरल रजिस्टर काढावं लागतं. नव्या लिपिकानं ते आणून माझ्यासमोर उघडलं. शीतलच्या नावापुढे सगळे रकाने बाबूजींच्या अक्षरात, सोडण्याचं कारण, पालकांची विनंती. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं, अगदी बारीक लिहिलेलं होतं. मुलीस विचारायचे राहिले. चूक माझी. खाली त्यांची सही.

"हे पेन्सिलचं खोडून टाकू काय, सर? तपासणीत निघते," लिपिक म्हणाला. मी त्याला बाहेर जायला सांगितलं आणि रजिस्टर शीतलकडे फिरवलं. तिनं बोट लावून वाचलं, दोनदा वाचलं.

"त्यायची काय चूक होती, सर?" ती म्हणाली.

"नव्हती. माझी होती." हे मी कुणाजवळ पहिल्यांदाच बोललो. मग विचारलं, "त्या दिवशी त्यांनी तुला विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?"

तिनं रजिस्टर माझ्याकडे परत सरकवलं. "मले नोतं जायचं," ती म्हणाली. "एवढंच सांगणार होती. लई मोठं काई नोतं."

मी प्रत तयार करून तिला दिली. ती गेल्यावर पेन घेतलं आणि बाबूजींच्या सहीखाली शाईनं माझी सही केली. ते रजिस्टर अजून माझ्या टेबलावरच आहे. कपाटात ठेवून कुलूप लावायला हात धजत नाही.