रविवारची फिल्म

रविवारी सकाळी साडेदहाला मी मॅडमसमोर झाकण उचललं आणि काचेवरची फिल्म विटकरी निघाली. यायला हवी होती गर्द जांभळी.

"बिघडली का रे?"

"वाळतेय अजून, मॅडम."

वाळून ती कधीच खडखडीत झाली होती.

मॅडम म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या गाइड. नांदेडला त्यांच्या लॅबमध्ये मी फेलोशिपवर होतो. दुसऱ्या दिवशी आमचा पेपर पाठवायचा होता. माझा पहिलाच पेपर, आणि फेलोशिपची मुदतवाढ त्याच्यावर अवलंबून. पाठवण्याआधी एकदा डोळ्यांनी बघते, एवढंच म्हणून त्या आल्या होत्या.

आधी काम काय होतं ते सांगतो. वीज वाहून नेणारं एक प्लास्टिक असतं, सेमीकंडक्टर पॉलिमर. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. द्रावणात त्या शिजलेल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. काचेवर चार थेंब टाकायचे; ते वाळून जो पातळ थर उरतो ती फिल्म. सॉल्व्हंट, म्हणजे ज्यात ते विरघळलंय तो द्रव, हळूहळू उडत जातो आणि साखळ्या एकमेकींना लागून ओळीने रचल्या जातात. फिल्म क्रिस्टल झाली म्हणायचं ते याला. ओळी नीट लागल्या की रंग जांभळा येतो आणि वीज सरळ जाते. सॉल्व्हंट घाईने उडाला तर साखळ्या जिथल्या तिथे अडकतात आणि फिल्म विटकरी होते. म्हणून नमुन्यावर काचेचं झाकण ठेवायचं. वाफ आत कोंडून राहते, वाळणं लांबतं.

दर पंधरा मिनिटांनी झाकण उचलून रंग बघायचा आणि वहीत लिहायचा, ही शिस्त मी स्वतःला लावून घेतली होती. मॅडमना तिचं कौतुक होतं. मलाही होतं.

आता माझी अक्कल सांगतो. सोमवार ते शनिवार फिल्म विटकरी यायची आणि रविवारी जांभळी. दर रविवारी. दुसऱ्या कुणी बसून विचार केला असता. मी चाकूरचा. लातूरचा भूकंप झाला तेव्हा सातवीत होतो. आमचं घर पडलं नाही, पण कित्येक महिने आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपलो. अजूनही जड ट्रक गेला की माझा हात आधी भिंतीकडे जातो. काहीही बिघडलं की मला त्यात कंप दिसतो. तेव्हा मी ठरवून टाकलं की रविवारी रस्त्यावर ट्रक कमी, म्हणून टेबल हलत नाही, म्हणून क्रिस्टल नीट होतात.

मग मी टेबलाच्या चारही पायांखाली स्कूटरच्या जुन्या ट्यूब बसवल्या. त्या आणल्या रसूलमामांनी. मामा आमचे लॅब असिस्टंट, निवृत्तीला आलेले.

"सर, हे काय करून राहिले? टेबल चालवायचाय का?"

"कंप थांबवतोय, मामा."

"हाव. मंग हवा किती भरू?"

ट्यूब लावूनही सोमवारची फिल्म विटकरीच. मी म्हणालो, हवा कमी पडली. मॅडमनी एकदा विचारलं, "कंप मोजलास का?" मी छाती काढून म्हणालो, "मॅडम, भूकंपातल्या माणसाला तो मोजावा लागत नाही." मॅडमचं माहेरचं घर त्या भूकंपात पडलं होतं. मला ते ठाऊक होतं, तरी मी बोललो. त्यांनी तो विषय सोडला आणि पेपरमध्ये माझं कंपाचं प्रकरण राहिलं.

वहीत नव्हतं ते आता सांगतो. दर रविवारी मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. तेव्हा लातूरला पोरांना राहायला खोल्या पुरत नव्हत्या आणि मास्तरही पुरत नव्हते. फेलोशिपवर असताना बाहेर शिकवायला बंदी होती. म्हणून मी सकाळी सहाला काचेवर थेंब टाकायचो, झाकण ठेवायचो आणि एस.टी. पकडायचो. संध्याकाळी येऊन बघावं तर फिल्म जांभळी. पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी मी परतीच्या एस.टी.त लिहायचो. चाकूरला सकाळच्या, अहमदपूरला दुपारच्या. लोहा येईपर्यंत माझी फिल्म वाळलेली असायची.

त्या रविवारी मात्र क्लासला ताप आल्याचं कळवून मी लॅबमध्ये हजर होतो, आणि शिस्तीत दर पंधरा मिनिटांनी झाकण उचलत होतो.

मॅडमनी माझी वही मांडीवर घेतली. पानं मागे उलटली, पुढे उलटली.

"हे सोमवारचं अक्षर. किती सुरेख आहे."

"हो, मॅडम."

"आणि हे रविवारचं. हे असं का हलतंय?"

मी टेबलाखालच्या ट्यूबकडे बघितलं.

"टेबल ट्यूबवर आहे ना? मामा, रविवारी हा इथं असतो का?"

मामा त्या दिवशी मॅडमनी बोलावलं म्हणून आले होते. ते वर पंख्याकडे बघत म्हणाले, "म्याडम, मला काय म्हाईत? रयवारी मला सुट्टी ऱ्हाती."

"कुठं लिहिलंस हे?"

"लातूरच्या एस.टी.त," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

वाटलं, आता ओरडतील. मॅडमनी ती विटकरी काच उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "म्हणजे रविवारी झाकण कुणी उचलतच नव्हतं."

मला कळायला चांगला मिनिटभर लागला. मी दर वेळी रंग बघायला झाकण उचलत होतो आणि कोंडलेली वाफ सोडून देत होतो. सहा दिवस मीच माझी फिल्म घाईने वाळवत होतो. त्याच महिन्यात मी लातूरला बाष्पीभवन शिकवलं होतं. पोरांना ते कळलं होतं.

सोमवारी मॅडमनी ट्यूब काढायला लावल्या, नमुन्यावर झाकण ठेवलं आणि खोलीला कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकली. दिवसभर रस्त्यावरून ट्रक जात होते. संध्याकाळी दार उघडलं तर फिल्म गर्द जांभळी.

"भूकंपाचं नाव परत असं घ्यायचं नाही," त्या एवढंच म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की त्यांनी चारचौघांत झापलं असतं तर बरं, असं झालं. मग रविवारची एकेक नोंद लाल पेनाने खोडून मी बाजूला सही केली. पानंच्या पानं लाल झाली. मामांनी ट्यूब पंक्चरवाल्याला परत दिल्या.

पेपर पाठवता आला नाही. मुदतवाढ गेली. शेवटचं वर्ष मी फेलोशिपशिवाय काढलं, रविवारी लातूरला शिकवून. आता बंदी नव्हती. सहाला झाकण ठेवायचो, मॅडमना सांगायचो आणि निघायचो.

प्रबंधात मी लिहिलं, 'वाळण्याच्या काळात नमुन्याजवळ कोणीही नव्हते.' तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर नेमके त्याच ओळीवर थांबले.

"कोणीही नव्हते? मग तुम्ही कुठे होता?"

मी मॅडमकडे पाहिलं. "सांग की," त्या म्हणाल्या.

"लातूरला, सर."

झाकण उचललं नाही की फिल्म जांभळी येते, हा त्या अख्ख्या प्रबंधात मी हातही न लावता मिळालेला एकच निष्कर्ष, आणि तोच टिकला.